पेलेटची घनता, भट्टीचं तापमान आणि तो हट्टी झेडटी

प्रश्न थोडक्यात असा होता. पीएचडीचं दुसरं वर्ष, मटेरियल उष्णतेपासून वीज बनवणारं (थर्मोइलेक्ट्रिक) कॅल्शियम कोबाल्टाइट (Ca3Co4O9, लॅबमध्ये सगळे थ्री-फोर-नाईन म्हणतात तेच), सॉलिड स्टेट रूटने (कोरड्या पावडरी मिसळून, भाजून) पावडर केली, पेलेट (छोटी चकती) दाबली, ९०० अंशाला २४ तास हवेत सिंटर केली (न वितळवता भाजून घट्ट केली). ७०० अंशाला सीबेक (तापमानाच्या दर अंश फरकाला मिळणारं व्होल्टेज) १६५ मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन येतोय म्हणजे चांगला, पण रेझिस्टिव्हिटी २५ मिलिओहम-सेंटीमीटर, थर्मल कंडक्टिव्हिटी १.२ वॅट प्रति मीटर-केल्विन आणि झेडटी (मटेरियल उष्णतेची वीज किती चांगली करतं त्याचा एकूण आकडा) जेमतेम ०.०९. चार वेगवेगळी डोपिंग (थोडं दुसरं मूलद्रव्य मिसळणं) करून झाली, आकडा हलत नाही, पेलेट हातात घेतली की कडा झडतात. गाइड म्हणतात स्ट्रॉन्शियम टायटनेट या दुसऱ्या ऑक्साइडकडे वळ. "मॅडम, पाचवं डोपिंग कुठलं करू?"

मॅडम नको, ताई म्हण, आणि पाचवं डोपिंग करू नको. एकोणीस वर्षं ऑक्साइड सिरॅमिक्समध्ये हात काळे केल्यावर (कोबाल्ट ऑक्साइडने अक्षरशः काळे, आणि हो, मास्क लाव, कोबाल्टची धूळ फुफ्फुसाला चांगली नाही) माझं मत असं झालंय की या मटेरियलमध्ये पिरिऑडिक टेबलकडे बघण्याआधी भट्टीकडे बघावं. तुझा सीबेक ठीक आहे म्हणजे फेज (हवी ती स्फटिकरचना) बरीचशी बरोबर बनलीय, कॅरिअरचं (करंट वाहणाऱ्या कणांचं) प्रमाणही साधारण हवं तिथेच आहे. सीबेकला पेलेटमधल्या भोकांशी फारसं देणंघेणं नसतं, ती थोडी कमीजास्त असली तरी तो तेवढाच येतो. करंटला मात्र भोकांना वळसे घालत, ग्रेन बाउंड्रीवर (दाण्यांच्या सीमांवर) अडखळत जावं लागतं. तुझा प्रॉब्लेम तिथे आहे, आणि तो बिस्मथ टाकू की गॅडोलिनियम टाकू यातून सुटणार नाही.

आधी एक गणित स्वतःच्या हाताने कर, एक्सेल नको. १६५ चा वर्ग भागिले २५ मिलिओहम-सेंटीमीटर, युनिट नीट सांभाळलीस तर पॉवर फॅक्टर साधारण ०.११ मिलिवॅट प्रति मीटर-केल्विन वर्ग येतो. त्याला ९७३ केल्विनने गुणलं आणि १.२ ने भागलं की तुझा ०.०९ आला. आता समज तू पेलेट घट्ट केलीस आणि रेझिस्टिव्हिटी १० वर आणली. पॉवर फॅक्टर अडीच पट झाला. पण पेलेट घट्ट झाली की उष्णताही सुखाने जायला लागते, थर्मल कंडक्टिव्हिटी १.२ वरून २ च्या आसपास जाईल, म्हणजे झेडटी ०.१३. निराश झालास ना? इथेच लोक चुकतात, त्यांना वाटतं घनतेचा काही फायदा नाही आणि मग ते सच्छिद्र पेलेटच बरी म्हणत पेपर लिहितात. अरे पण तुला शेवटी त्या मटेरियलचा पाय करून मॉड्यूलमध्ये (वीज बनवणाऱ्या जोडणीत) उभा करायचाय, एका टोकाला ७०० अंश आणि दुसऱ्या टोकाला पाण्याने गार केलेली प्लेट. तिथे पॉवर फॅक्टर अडीच पट म्हणजे तेवढ्याच फरकाला अडीच पट पॉवर, आणि मुख्य म्हणजे पाय तुटत नाही, चांदीची पेस्ट भोकांत शोषली जात नाही. कडा झडणारी पेलेट कागदावर झेडटी देते, मॉड्यूलमध्ये काही देत नाही.

तर घनता. आर्किमिडीजच्या पद्धतीने (पाण्यात बुडवून) मोजलीस का? प्रश्नात आकडा नाहीये म्हणजे मोजली नसावीस असं धरते. या फेजची थिअरेटिकल डेन्सिटी ४.६८ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरच्या आसपास आहे, आणि तुझ्या पद्धतीने केलेली पेलेट बहुतेक २.९ च्या आगेमागे असेल, म्हणजे ६०-६५ टक्के. म्हणजे तू जे मोजतोयस त्यात एक तृतीयांश हवा आहे. मेण लावून किंवा पाणी मुरवून नीट मोज, नुसतं स्केलने व्यास-जाडी मोजून वजनाला भागू नको, झडलेल्या कडांमुळे ते चुकतं.

आता कुणीही म्हणेल की मग तापमान वाढव. इथेच या मटेरियलचा खोडसाळपणा आहे. हवेत ९२६ अंशाला ही फेज फुटते, तिचं थ्री-टू-सिक्स (Ca3Co2O6) म्हणजे दुसरं कॅल्शियम कोबाल्टाइट आणि कोबाल्ट ऑक्साइड होतं, आणि १०२६ च्या वर तर तेही जाऊन साधे कॅल्शियम ऑक्साइड आणि कोबाल्ट ऑक्साइड उरतात. ॲल्युमिनासारखं बिनधास्त १५०० ला नेऊन दाट करायची सोय नाही. ९०० ला सिंटरिंग होतं पण आळसात होतं, कारण ९२६ ची भिंत डोक्यावर आहे आणि खाली डिफ्युजन (अणूंची हालचाल) मंद आहे.

आणि ९०० म्हणजे खरंच ९०० आहे का, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. माझ्या पीएचडीच्या काळात माझे जवळजवळ सहा महिने यात गेलेत. एक्सआरडीत (एक्स-रेने फेज ओळखण्याच्या चाचणीत) थ्री-टू-सिक्सचे बारीक पीक यायचे, मला वाटायचं कॅल्सिनेशन (पावडरची पहिली भाजणी) अर्धवट राहिलंय, मी पुन्हा दळायचे, पुन्हा भाजायचे, पीक वाढायचे. शेवटी एका जुन्या टेक्निशियन काकांनी विचारलं, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) कुठे आहे आणि तुझी पेलेट कुठे आहे. थर्मोकपल मागच्या भिंतीला, पेलेट मधोमध, आणि मध्ये तीसेक अंशांचा फरक. मी रोज इमानेइतबारे फेज बनवत होते आणि त्याच रात्री फोडत होते. तेव्हापासून नवीन भट्टी हातात आली की पहिलं काम चांदीची तार. सोनाराकडून शुद्ध चांदीचा बारीक तुकडा आण, अगदी पाव ग्रॅम पुरे, पेलेट ठेवतोस बरोबर त्याच जागी ॲल्युमिनाच्या छोट्या बोटीत ठेव आणि कंट्रोलरवर ९१५ लावून पंधरा मिनिटं थांब, गार कर, बघ. मग ९२०, मग ९२५, असं थेंब होईपर्यंत. शुद्ध चांदी ९६१.८ अंशाला वितळते, पण हवेत ऑक्सिजन शोषल्यामुळे सुमारे ९५० लाच, तुकड्याचा थेंब कुठल्या आकड्याला झाला त्यावरून तुझ्या भट्टीची चूक कळते. शंभर-दोनशे रुपयांत होतं. कॅलिब्रेशन सर्टिफिकेट ऑफिसच्या फाइलला ठेव, काम चांदीवर कर.

भट्टीचं झालं की पावडरकडे. इथे दोन गोष्टी आहेत ज्या शिकवत नाहीत. पहिली अशी की थ्री-फोर-नाईन हे नाव सोयीचं आहे, खरं नाही. हे मटेरियल म्हणजे दोन वेगवेगळ्या थरांचं एकावर एक रचलेलं घर आहे, एक कॅल्शियम-कोबाल्ट-ऑक्सिजनचा तीन पदरी थर आणि एक कोबाल्ट डायऑक्साइडचा थर, आणि या दोघांची एका दिशेतली मापं जुळत नाहीत, प्रमाण साधारण १.६२ येतं. त्यामुळे खरा कॅल्शियम-कोबाल्ट हिशोब ३ ला ४ नसून ३ ला ३.९२-३.९३ येतो. तू ३ ला ४ वजन केलंस तर थोडा कोबाल्ट उरणारच आणि एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) इकडेतिकडे कोबाल्ट ऑक्साइडचे दाणे दिसणारच, त्याला डोपिंगचा परिणाम म्हणून पेपरमध्ये लिहू नको (असे पेपर मी रिव्ह्यू केलेत). दुसरी गोष्ट, बाटलीवर कोबाल्ट ऑक्साइड लिहिलंय म्हणजे आत शुद्ध कोथ्रीओफोरच (Co3O4) आहे असं धरू नको, कधी कधी त्यात कोबाल्ट मोनॉक्साइड मिसळलेलं असतं. वजन करायच्या आधी ७०० अंशाला हवेत रात्रभर ठेव म्हणजे सगळं एकाच रूपात येतं. कॅल्शियम कार्बोनेट २०० अंशाला वाळव. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावडर वाळवल्याशिवाय वजन करणं म्हणजे पावसाचं पाणी मोलच्या भावात मोजणं.

कॅल्सिनेशन ८००-८५० ला दोनदा, मध्ये नीट दळून. दळायला झिर्कोनिया बॉल वापर, पण तासन्‌तास लावू नको, झिर्कोनिया येतंच थोडं. प्रेस करताना पीव्हीएचं (पावडर धरून ठेवणाऱ्या चिकट पॉलिमरचं) सोल्यूशन घालत असशील तर दीड-दोन टक्के पुरे, आणि ते जाळताना ५००-६०० पर्यंत मिनिटाला एक-दोन अंशाच्या वर जाऊ नको. पेलेटचं वरचं झाकण टोपीसारखं सुटून येतं ना कधी कधी? तो सिंटरिंगचा दोष नाही, प्रेसचा आहे, हवा अडकते आणि तू प्रेशर झटक्यात सोडतोस. दाब कमी कर, हळू सोड, एक मिनिट तसाच धर.

ॲल्युमिनाच्या बोटीत पेलेट थेट ठेवतोस का? गार झाल्यावर बोटीवर निळी गोल खूण उमटलेली दिसली तर तो कोबाल्ट ॲल्युमिनेट, म्हणजे तुझा कोबाल्ट बोटीने खाल्ला. पेलेटच्या खाली त्याच पावडरची पातळ गादी घाल, वरून पण थोडी टाक, पेलेट त्यात पुरलेली असली तर आणखी बरं.

हे सगळं केलंस तरी हवेत साध्या सिंटरिंगने ७० टक्क्यांच्या फार वर जाशील असं नाही. त्याच्या पुढे दोन रस्ते आहेत, आणि दोन्ही मी केलेत.

एक रस्ता एसपीएस म्हणजे स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग. ग्रॅफाइटच्या डायमध्ये (साच्यात) पावडर, ५० मेगापास्कल, ८५०-९०० च्या दरम्यान पाच-दहा मिनिटं, आणि ९५ टक्क्यांच्या वर घनता मिळते. जादू वाटते पहिल्यांदा. पण डाय कार्बनचा, व्हॅक्यूम आहे, म्हणजे तुझा ऑक्साइड तिथे ऑक्सिजन गमावतोय आणि कडेने कार्बन लागतोय. बाहेर काढल्यावर लगेच मोजू नको. चारी बाजूंनी कार्बनचा थर पॉलिश पेपरवर घासून काढ, चांगला अर्धा मिलिमीटर काढ, आणि मग हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये ७००-८०० अंशाला काही तास ठेवून ऑक्सिजन परत भर. भरलाय की नाही ते वजनावर कळतं, त्यासाठी आधीचं वजन लिहून ठेवलेलं हवं, हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतेय. एसपीएसचं मशीन सगळीकडे नाही, वेळ मागून घ्यावा लागतो, आणि मागितलेली वेळ नेमकी दिवाळीच्या सुट्टीत मिळते, ते एक असो.

दुसरा रस्ता थोडा उलटा वाटेल. मुद्दाम ९२६ च्या वर जायचं, फेज फुटू द्यायची, फुटलेल्या अवस्थेत जास्त तापमानाला नीट दाट करून घ्यायचं, आणि मग ९०० ला खाली आणून हवेत किंवा ऑक्सिजनच्या प्रवाहात कित्येक तास, कधी कधी तीन-तीन दिवस, ठेवून फेज परत बनू द्यायची. साधी भट्टी लागते, मशीन नाही. मात्र संयम लागतो, कारण परत बनणं आतून बाहेर असं नाही, बाहेरून आत जातं, ऑक्सिजन आत पोचायला वेळ लागतो, आणि घाई केलीस तर पेलेटच्या मधोमध न बदललेला गाभा राहतो. पेलेट कापून मधला भाग एक्सआरडीला दे, नुसता वरचा चेहरा दाखवू नको. आणि तीन दिवसांचा रन लावायचा तर लाइट जाण्याचा विचार करून लाव, आमच्याकडे दर गुरुवारी मेंटेनन्सला वीज जायची म्हणून मी शुक्रवारी संध्याकाळी भट्टी लावायचे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी तुझ्या प्रश्नात आलीच नाही, आणि माझ्या मते खरा फायदा तिथेच आहे. दिशा.

या मटेरियलचे ग्रेन पोह्यांसारखे असतात, चपटे. करंट पोह्याच्या आडव्या प्रतलात छान जातो, पोह्याच्या जाडीतून जायला त्याच्या जिवावर येतं, सिंगल क्रिस्टलमध्ये या दोन दिशांच्या रेझिस्टिव्हिटीत दहा पटींहून जास्त फरक आहे. जपानमध्ये शिकानो आणि फुनाहाशी यांनी २००३ मध्ये याच सिंगल क्रिस्टलवर ९७३ केल्विनला झेडटी ०.८७ मोजला, तुझ्या तापमानाला, तुझ्याच मटेरियलवर. तुझा ०.०९. मध्ये जे दहा पट गेलं ते बहुतेक सगळं प्रोसेसिंगमध्ये गेलं. आता सिंगल क्रिस्टल म्हणजे मिलिमीटरभराची पातळ पापुद्री, तिचं मॉड्यूल होत नाही. पण पोहे एका दिशेत बसवणं आपल्या हातात आहे.

डब्यात पोहे ओतले की कसेही पडतात, डबा दोन-चार वेळा आपटला की बरेच आडवे होतात. एका बाजूने दाबून केलेल्या पेलेटमध्ये तेवढंच झालेलं असतं. त्याहून जास्त हवं तर हॉट फोर्जिंग कर, म्हणजे आधी साधी सिंटर केलेली, अजून मऊ-सच्छिद्र असलेली पेलेट घ्यायची, आणि डायमध्ये तिला बाजूला पसरायला जागा ठेवून ९०० च्या जवळ गरम असताना वरून दाबायचं. ती भाकरीसारखी पसरते आणि पसरताना ग्रेन आडवे लोळतात. एसपीएसमध्येही हेच करता येतं, मोठ्या डायमध्ये लहान पेलेट ठेवून. टोयोटाच्या रिसर्च लॅबमधल्या तानी, इताहारा या लोकांनी आणखी हुशारी केली, कोबाल्ट हायड्रॉक्साइडचे चपटे कण आधीच बनवायचे, ते टेप कास्टिंगने पापडासारख्या शीटमध्ये एका दिशेत बसवायचे, शीट एकावर एक रचायच्या, आणि भाजताना त्या कणांचा आकार धरूनच नवी फेज उगवते. सुंदर काम आहे. पण तुला तेवढी केमिस्ट्री उभी करायला वर्ष जाईल, तू फोर्जिंगपासून सुरुवात कर.

किती बसले ते लॉटगेरिंग फॅक्टरने काढ. वरच्या चेहऱ्याच्या एक्सआरडीत थरांच्या पीकची बेरीज सगळ्या पीकच्या बेरजेत किती, त्यातून रँडम पावडरचं तेवढंच प्रमाण वजा, भागिले एक वजा तेच प्रमाण. यातली गंमत अशी की तुझी रँडम पावडर रँडम नसते. होल्डरमध्ये पावडर काचेने दाबून सपाट केलीस की पोहे तिथेच आडवे झाले, तुझा संदर्भच बिघडला. पावडर मागून भर किंवा संदर्भ गणिताने काढलेल्या पॅटर्नचा घे.

आणि आता ती चूक जी मी दर वर्षी दोन-तीन पेपरमध्ये बघते. दिशा आली की मोजमापही दिशेचं होतं. चार प्रोबने रेझिस्टिव्हिटी मोजायला तू पेलेटमधून आडवी पट्टी कापतोस, म्हणजे करंट दाबाच्या दिशेला काटकोनात, चांगल्या दिशेत गेला. लेझर फ्लॅशला (थर्मल कंडक्टिव्हिटी मोजायच्या यंत्राला) तू पेलेट तशीच आडवी ठेवतोस, उष्णता जाडीतून म्हणजे दाबाच्या दिशेने, वाईट दिशेत गेली. चांगली रेझिस्टिव्हिटी एका दिशेची, कमी थर्मल कंडक्टिव्हिटी दुसऱ्या दिशेची, दोघांचा भागाकार केला की झेडटी मस्त दिसतो आणि तो खोटा असतो. अशा मटेरियलमध्ये दुप्पट फुगतो सहज. उपाय असा की जाड पेलेट कर, दहा-बारा मिलिमीटर, आणि त्यातून पट्टी आणि लेझरची चकती दोन्ही एकाच दिशेसाठी काप. मटेरियल जास्त लागतं, डायमंड सॉवर अर्धा दिवस जातो, पण मग तुझा आकडा कुणी पाडू शकत नाही.

लेझर फ्लॅशचंच आणखी एक. नेहमीची पद्धत म्हणजे चकतीवर ग्रॅफाइट फवारायचं आणि आर्गॉनमध्ये मोजायचं. ७०० अंशाला, आर्गॉनमध्ये, वर कार्बन, कोबाल्टाइट तिथे ऑक्सिजन सोडणारच, आणि ऑक्सिजनचा दाब कमी म्हणजे ती ९२६ ची भिंतही खाली सरकते. मोजायच्या आधी आणि नंतर चकतीचं वजन कर, पट्टीची रूम टेम्परेचरची रेझिस्टिव्हिटी आधी आणि नंतर बघ. नंतरची वेगळी आली तर तू जे मोजलंस ते तुझं मटेरियल नव्हतं. आणि हे सगळं सांभाळूनही तीन मापांच्या चुका एकत्र येऊन झेडटी १५-२० टक्के इकडेतिकडे होतो, त्यामुळे डोपिंगने ०.०९ चा ०.१० झाला यावर आनंद मानू नको.

डोपिंगला माझा विरोध नाही बरं का. डेन्मार्कमधल्या लोकांनी २०११ मध्ये ल्युटेशियमचं जड डोपिंग आणि चांदीचे बारीक कण एकत्र वापरून १११८ केल्विनला ०.६१ पर्यंत नेलं. त्यातली चांदी मला जास्त आवडते. ती ९०० ला वितळत नाही, ग्रेनच्या मध्ये बसते आणि करंटला एका पोह्यावरून दुसऱ्यावर जायला पूल देते. आपल्याकडे थोड्या टक्क्यांत करून बघण्यासारखं आहे, सिल्व्हर नायट्रेटमधून घातलीस तर बारीक पसरते. बिस्मथचंही तसंच, लोक त्याचं श्रेय बँड स्ट्रक्चरला (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांच्या रचनेला) देतात, मला तर त्याचा निम्मा फायदा ग्रेन मोठे आणि चपटे होतात याचाच वाटतो. पण हे सगळं पेलेट दाट आणि दिशेची झाल्यावर. सच्छिद्र पेलेटमध्ये डोपिंग तपासणं म्हणजे गळक्या बादलीत साखर किती विरघळते ते बघणं.

गाइड म्हणतायत ते स्ट्रॉन्शियम टायटनेट. त्यांचं चूक नाही, कोबाल्टाइट पी-टाइप (धन कॅरिअरचं) आहे, मॉड्यूलला एन-टाइप (इलेक्ट्रॉनचा) जोडीदार लागतोच. पण "वळ" हे चुकीचं, कारण तिथला प्रॉब्लेम नेमका उलटा आहे. लॅन्थॅनम घातलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या सिंगल क्रिस्टलचा पॉवर फॅक्टर २००१ मध्येच ओकुदा आणि मंडळींनी दाखवला होता, ३ मिलिवॅट प्रति मीटर-केल्विन वर्गाच्या आगेमागे, म्हणजे बिस्मथ टेल्युराइडशी बरोबरी. तिथे अडतं ते उष्णतेवर. साध्या स्ट्रॉन्शियम टायटनेटची थर्मल कंडक्टिव्हिटी रूम टेम्परेचरला ११ च्या आसपास आहे, साधी सुटसुटीत क्युबिक रचना, फोनॉन (उष्णता वाहून नेणारी जाळीची कंपनं) सुसाट धावतात. म्हणून तिथली युक्ती म्हणजे रचनेत मुद्दाम जागा रिकाम्या ठेवायच्या, दर २ लॅन्थॅनमसाठी २ नव्हे, ३ स्ट्रॉन्शियम काढायचे, एक जागा मोकळी राहते आणि फोनॉन तिथे ठेचकाळतात. शेफिल्डच्या गटाने या रस्त्याने २०१६ मध्ये ९७३ केल्विनला ०.४१ मिळवला, आणि तेही साध्या सिंटरिंगने, हायड्रोजन मिसळलेल्या गॅसमध्ये.

तुला तिकडे जायचंच असेल तर भट्टीत गॅस ट्यूब लागेल. १४५० च्या आसपास सिंटरिंग, ५ टक्के हायड्रोजन आणि बाकी आर्गॉनचा तयार सिलिंडर, शुद्ध हायड्रोजनच्या नादी लागू नको. गॅस नसेल तर लोक कोळशाच्या पुडीत क्रुसिबल पुरून करतात, ते चालतं, पण कार्बन मोनॉक्साइड निघतो, एक्झॉस्ट नसलेल्या खोलीत हे अजिबात करू नको. पेलेट काळीशार निघाली म्हणजे झालं असं समजू नको, कापून बघ, मध्ये करडा गाभा असला तर रिडक्शन (ऑक्सिजन काढून घेणं) आत पोचलेलं नाही. आणि गार करताना गॅस २००-३०० अंशापर्यंत चालू ठेव. खूप जण सहाशेला गॅस बंद करतात, सिलिंडर वाचवायला, आणि तेवढ्यात ग्रेन बाउंड्री ऑक्सिजन ओढून घेतात, प्रत्येक ग्रेनभोवती इलेक्ट्रॉनला भिंत उभी राहते. ग्राफवर ओळखायचं कसं, तर खालच्या तापमानाला कंडक्टिव्हिटी तापमानाबरोबर वाढत जाते आणि मग एका टोकानंतर धातूसारखी पडायला लागते. याला बरेच जण पोलारॉन (जाळीत अडकत उड्या मारणारा इलेक्ट्रॉन) म्हणून मोकळे होतात, मी आधी गॅस कधी बंद केला ते विचारते.

आणि लॅन्थॅनम ऑक्साइड. हे बाटली उघडल्या दिवसापासून हवेतलं पाणी पितं, पूर्ण हायड्रॉक्साइड झालं तर वजन साडेसोळा टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तू १० टक्के लॅन्थॅनम घातलंय असं लिहितोस आणि पडलेलं असतं साडेआठ. १००० अंशाला रात्रभर भाजून, सकाळी डेसिकेटरमध्ये गार करून, लगेच वजन. जुलैत कोकणातल्या किंवा मुंबईतल्या लॅबमध्ये तर बाटलीचं झाकण उघडं ठेवून चहाला जाऊ नको.

झिंक ऑक्साइडचंही कुणी तरी सुचवेलच तुला, ओहताकींच्या २००९ च्या कामात ॲल्युमिनियम आणि गॅलियम दोन्ही घालून १२४७ केल्विनला ०.६५ आलाय. खरं आहे, पण ॲल्युमिनियम त्यात जेमतेम विरघळतं, जास्त घातलं की स्पिनेल (झिंक-ॲल्युमिनियमचं वेगळं ऑक्साइड) वेगळा पडतो, आणि ते तापमान तुझ्या मॉड्यूलच्या ७०० अंशाच्या बरंच वर आहे.

तुझ्या जागी मी असते तर गाइडना सांगितलं असतं की तीन महिने कोबाल्टाइटच, डोपिंग शून्य. पहिल्या आठवड्यात चांदीची तार आणि आत्ताच्या सगळ्या पेलेटची घनता. मग ३ ला ३.९२ ची एकच मोठी बॅच, पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे पुढचे सगळे नमुने एकाच पावडरचे, नाहीतर तुलना कशाची करणार. त्यातून साधी पेलेट, फुटून-परत-बनवलेली पेलेट आणि कुठे एसपीएस किंवा हॉट प्रेस मिळालं तर फोर्ज केलेली, तिन्हींची एकाच दिशेतली मापं. रेझिस्टिव्हिटी ८-१० मिलिओहम-सेंटीमीटरच्या खाली आली की मला परत लिही, मग डोपिंगचं बोलू. आणि त्या जुन्या पेलेट फेकू नको, पुरायची गादी म्हणून दळून वापरता येतात, मात्र डोप केलेल्या वेगळ्या बाटलीत ठेव.